जपानी शाळेतला परका मास्तर

मराठी शिक्षकांच्या मनातील जपानी शाळा ही बहुधा ‘तोत्तोचान’ची शाळा असते. तेत्सुको कुरोयानागी यांचे हे पुस्तक जपानमध्ये १९८१ साली प्रसिद्ध झाले आणि यथावकाश मराठीतही आले. आगगाडीच्या जुन्या डब्यांत भरणारे वर्ग, लहान मुलीचे बोलणे तासन् तास ऐकून घेणारे मुख्याध्यापक सोसाकु कोबायाशी, हवा तो विषय आधी घेण्याची मुलांना असलेली मोकळीक, हे चित्र आपल्याकडील अनेक शिक्षकांनी जिव्हाळ्याने जपले आहे. परंतु तोमोए ही टोकियोतील एक लहानशी खाजगी शाळा होती, त्या काळच्या जपानी शिक्षणाला ती अपवादच होती आणि १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात ती जळून गेली. आज परदेशातून शिकविण्यासाठी म्हणून जपानला जाणारा तरुण ज्या शाळेत पाऊल टाकतो ती अगदी निराळी आहे. ती वाईट आहे असे कोणी म्हणणार नाही. काही बाबतींत तर ती आपल्याला लाजविणारी आहे. मात्र परक्या माणसाला सामावून घेण्याची तिची रीत विलक्षण आहे. ती त्याला मोठ्या आदराने घरात घेते आणि मग वर्षानुवर्षे ओसरीवरच बसवून ठेवते.

ही माणसे तेथे जातात कशी, हे आधी पाहिले पाहिजे. ‘जेट’ या नावाने ओळखली जाणारी सरकारी योजना १९८७ साली सुरू झाली. अमेरिकेशी व्यापारावरून तेढ वाढली होती, जपानने आपली दारे उघडावीत असा दबाव होता. त्या वातावरणात परदेशी पदवीधर तरुणांना आणून खेडोपाडीच्या शाळांत नेमण्याची कल्पना पुढे आली. पहिल्या वर्षी अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या चार देशांतून ८४८ जण आले. पुढे देशांची संख्या वाढली आणि योजनेतील माणसे पाच हजारांच्या वर गेली. त्यांतील बहुतेकांचा हुद्दा सहायक भाषाशिक्षकाचा. यांखेरीज स्थानिक शिक्षण मंडळांनी स्वतः नेमलेले आणि खाजगी कंपन्यांनी पुरविलेले सहायक आहेत ते वेगळेच. प्राथमिक शाळेच्या वरच्या दोन इयत्तांत परकीय भाषेचा परिचय २०११ साली सक्तीचा झाला आणि २०२० पासून तेथे इंग्रजी हा रीतसर विषय झाला, तेव्हा तर अशा माणसांची गरज आणखी वाढली.

जपानी शाळेचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते. मार्चअखेर बदल्यांच्या याद्या लागतात, निरोपसमारंभ होतात आणि एप्रिलच्या पहिल्या दिवसांत नव्या-जुन्या सर्वांची घडी बसते. नवे शिक्षक सर्वांसमोर उभे राहून आपला परिचय करून देतात, कामे वाटली जातात, कोणत्या वर्गाचा वर्गशिक्षक कोण हे ठरते. ‘जेट’मधून येणारा परदेशी शिक्षक मात्र बहुधा जुलैच्या अखेरीस किंवा ऑगस्टमध्ये येऊन दाखल होतो, कारण त्याच्या देशातील विद्यापीठांचे वर्ष त्या सुमारास संपलेले असते. तो येतो तेव्हा शाळेला उन्हाळ्याची सुटी असते. सुटी असली तरी शिक्षक शाळेत येतच असतात, आणि त्यालाही यावे लागते. त्याला एक मेज मिळते, त्यावर एक टेलिफोन-यादी असते, आणि पहिले कित्येक दिवस करण्यासारखे काम काहीही नसते. ज्या समाजात एकत्र आरंभ करण्याला इतके महत्त्व आहे तेथे हा माणूस आरंभानंतर चार महिन्यांनी येतो, ही गोष्ट वाटते तितकी क्षुल्लक नाही.

जपानी शाळेची स्टाफरूम हे एक पाहण्यासारखे प्रकरण आहे. आपल्याकडे ती तासांमधल्या विसाव्याची, डबा खाण्याची आणि वेतन आयोगावर चर्चा करण्याची जागा असते. तेथे ते एक कचेरीवजा दालन असते. प्रत्येकाची जागा ठरलेली, एका इयत्तेचे शिक्षक एकमेकांसमोर, आणि सर्वांवर नजर राहील अशा बेताने पुढे उपमुख्याध्यापकांचे मेज. सकाळी उभ्याउभ्या छोटी बैठक होते. दिवसभर ‘ओत्सुकारेसामा देसु’ हा शब्दप्रयोग कानांवर पडत असतो. ‘आपण श्रमलात’ एवढा त्याचा सरळ अर्थ, परंतु नमस्कार, आभार आणि निरोप ही तिन्ही कामे तो करतो. आणि संध्याकाळी जो आधी घरी निघतो तो ‘ओसाकि नि शित्सुरेइ शिमासु’ म्हणून निघतो, म्हणजे ‘तुमच्या आधी जातो याबद्दल क्षमा असावी’. कामाची वेळ संपल्यानंतर घरी जाणाऱ्याने क्षमा मागावी, यातच त्या संस्थेचा स्वभाव उघड होतो.

नवागताला हे सारे शिकावे लागते. बाहेरचे जोडे फडताळात ठेवून आतले पायताण घालावे. प्रवासाहून परतताना त्या गावची मिठाई सर्व सहकाऱ्यांना पुरेल इतकी आणावी. वर्षअखेरीच्या मेजवानीला जावे आणि स्वतःचा पेला स्वतः न भरता शेजाऱ्याचा भरावा. बैठकीत एखादी नवी सूचना एकदम मांडू नये; आधी संबंधितांना एकेकट्याने भेटून तिची मशागत करावी. झाडाचे स्थलांतर करण्यापूर्वी त्याच्या मुळांभोवती खणून तयारी करतात, त्यावरून या रीतीला ‘नेमावाशी’ असे नाव पडले आहे. तीत दांभिकपणा आहे असे परदेशी माणसाला प्रथम वाटते. आपल्याकडील संस्थांच्या कार्यकारिणीत दहा वर्षे काढलेल्या माणसाला तसे वाटणार नाही. सभेपूर्वीच सारे ठरलेले असणे आपल्यालाही अपरिचित नाही. फरक एवढाच की जपानी माणूस हे उघडपणे आणि प्रत्येकाचा मान राखून करतो.

रजेची गोष्ट कारकून मंडळींना विशेष कळेल. परदेशी शिक्षकाच्या करारात वार्षिक रजेचे दिवस लिहिलेले असतात आणि ते आपल्या हक्काचे आहेत असे तो समजतो. त्याच्या शेजारचा जपानी शिक्षक दोन दिवस ताप आला तर बहुधा आपली वार्षिक रजाच खर्ची घालतो आणि वर्षअखेर कितीतरी रजा न वापरता राहू देतो. कागदावर दोघेही बरोबर असतात. परंतु परीक्षेच्या आठवड्यात सहलीसाठी रजेचा अर्ज देणारा परदेशी सहायक नियमाने निर्दोष असूनही मनाने परका ठरतो, आणि याविषयी त्याला कोणी एक शब्दही बोलत नाही. न बोलणे हाच तेथे अभिप्राय असतो.

शाळेत झाडलोट करण्यासाठी वेगळी माणसे सहसा नसतात. रोज ठरलेल्या वेळी मुले आणि शिक्षक फडकी नि झाडू घेऊन वर्ग, जिने, स्वच्छतागृहे साफ करतात. दुपारचे जेवण वर्गातच होते. पांढरे अंगरखे आणि टोप्या घातलेली मुलेच ते वाढतात आणि शिक्षक त्यांच्याबरोबर तेच अन्न खातो. जातीने आणि हुद्द्याने झाडूला विटाळ मानणाऱ्या आपल्या समाजातून गेलेल्या माणसाने येथे नम्र व्हावे, हे योग्यच आहे. परदेशी शिक्षकांपैकी जे मुलांबरोबर फरशी पुसतात आणि त्यांच्या शेजारी बसून जेवतात त्यांना वर्गात चाळीस मिनिटे बडबडून जे साधत नाही ते साधते, असे अनेकांनी लिहून ठेवले आहे. ते खरे असावे. जपानी मूल वर्गात गप्प असते ते इंग्रजी येत नाही म्हणूनच असे नाही. सर्वांसमोर चुकणे त्याला नकोसे असते, आणि प्रश्न विचारताच शेजाऱ्याशी कुजबुजून मगच ते उत्तर देते. झाडू हातात असताना चुकण्याचे भय नसते.

येथपर्यंतचे जुळवून घेणे हे शिष्टाचाराचे आहे आणि समंजस माणसाला ते एका वर्षात साधते. जपानला जाणाऱ्यांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शनाचा बहुतेक भाग याच गोष्टींनी भरलेला असतो: वाका, मिठाई न्या, उशिरापर्यंत थांबा, सर्वांसारखे व्हा. या उपदेशात जुळवून घेण्याचा सारा भार येणाऱ्यावर टाकलेला आहे, आणि येथेच माझा मतभेद आहे. माणूस संस्थेचा होतो तो शिष्टाचार शिकल्याने अर्धाच होतो. उरलेला अर्धा तिने त्याच्यावर जबाबदारी टाकल्याने होतो. पहिला अर्धा जपानी शाळा कसून मागते. दुसरा अर्धा द्यायला ती तयार नसते.

‘उशिरापर्यंत थांबा’ या उपदेशाकडेच पाहावे. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या २०१८ च्या पाहणीत जपानमधील कनिष्ठ माध्यमिक शिक्षकांचे आठवड्याचे काम ५६ तासांचे आढळले. सहभागी देशांची सरासरी ३८.३ तास होती. प्रत्यक्ष शिकविण्याचे तास मात्र जपानमध्ये सरासरीहून कमीच होते. उरलेला वेळ जातो तो क्रीडा आणि कलामंडळांत, कागदपत्रांत, बैठकांत आणि पालकांशी बोलण्यात. या जादा कामाचा मोबदला काय? १९७१ च्या एका कायद्यान्वये सरकारी शाळांतील शिक्षकांना वेळेनुसार अधिक वेतन न देता मूळ पगाराच्या ४ टक्के एवढी ठरावीक रक्कम दिली जाई. २०२५ साली या कायद्यात दुरुस्ती झाली आणि हे प्रमाण दरवर्षी थोडे थोडे वाढवीत १० टक्क्यांवर नेण्याचे ठरले. म्हणजे ज्या रीतीशी परदेशी माणसाने जुळवून घ्यावे असे सांगितले जाते ती रीत स्वतः जपानी शिक्षकांना पेलेनाशी झाली आहे; तेथे शिक्षक मिळेनासे होण्याचे ते एक मोठे कारण आहे. अशा वेळी काम नसताना रात्री आठपर्यंत मेजाशी बसून राहणे ही एकजूट नव्हे. त्याने कोणाचेही ओझे हलके होत नाही.

ओझे हलके करावे म्हटले तर ते त्याच्या हाती दिले जात नाही. सहायक शिक्षकाकडे जपानी अध्यापनाचा परवाना नसतो. म्हणून वर्ग चालवायचा तो जपानी शिक्षकाने आणि याने शेजारी उभे राहून शब्दांचे उच्चार करून दाखवायचे. जिवंत टेपरेकॉर्डर, अशी कडवट थट्टा हे लोक स्वतःविषयी करतात. करार एका वर्षाचा; ‘जेट’मध्ये तो फार तर पाच वर्षांपर्यंत वाढतो. कंत्राटी कंपन्यांमार्फत आलेल्यांची स्थिती याहून चमत्कारिक आहे. शाळेने कंपनीला काम सोपविलेले असते, माणूस नेमलेला नसतो. साहजिकच वर्गातील जपानी शिक्षकाने त्या सहायकाला थेट सूचना देणे हे काही प्रकारच्या करारांत कायद्याला धरून होत नाही. दोन शिक्षक एका फळ्यासमोर उभे आहेत आणि ‘आता हा उतारा वाचा’ असे एकाने दुसऱ्याला सांगायचे तर ते कंपनीमार्फत सांगायला हवे! असल्या व्यवस्थेत ‘आपल्या शाळेत मिसळून जा’ असे त्याला सांगणे म्हणजे शुद्ध विनोद आहे.

अर्थात जपानी बाजूलाही बोलण्यासारखे पुष्कळ आहे. हा तरुण दोन वर्षांत निघून जाणार, त्याला धड भाषा येत नाही, शिक्षणशास्त्राची पदवी बहुधा नाही. त्याच्या हाती तीस-पस्तीस मुलांचे भवितव्य कसे द्यावे? चार महिन्यांत जपानी शिक्षणपद्धती कशी चुकीची आहे हे सांगू लागणारे उत्साही वीरही त्यांच्या वाट्याला येतातच. प्रवेशपरीक्षेत व्याकरणाचे प्रश्न येत असताना वर्गात खेळ घेऊन काय उपयोग, हा जपानी शिक्षकाचा सवाल बिनतोड आहे. परंतु या युक्तिवादात एक चक्र आहे. जाणार म्हणून जबाबदारी नाही, आणि जबाबदारी नाही म्हणून तो जातो. ज्याला पाचव्या वर्षी जावेच लागणार आहे त्याने भाषेवर दहा वर्षे मेहनत का घ्यावी?

हे चक्र आजचे नाही. मेइजी काळात जपानने शेकडो परदेशी तज्ज्ञ मोठ्या पगारावर बोलावले, त्यांच्याकडून विद्या घेतली आणि आपली माणसे तयार होताच त्यांना सन्मानाने निरोप दिला. साप्पोरोच्या शेतकी महाविद्यालयात १८७६ साली आलेला अमेरिकन विल्यम क्लार्क तेथे आठ-नऊ महिनेच राहिला, तरी त्याचे नाव आजही जपानी मुलांना ठाऊक असते. राष्ट्रउभारणीचे धोरण म्हणून यात गैर काही नव्हते. हिंदुस्थानला तशी निवड करण्याचे स्वातंत्र्यच नव्हते. पण माणसांच्या बाबतीत त्याचा अर्थ काय होई, हे लाफकॅदिओ हर्न याच्या चरित्रात दिसते. १८९० साली तो मात्सुए या गावी इंग्रजी शिकवू लागला. तेथील वरिष्ठ शिक्षक निशिदा सेन्तारो याने त्याला सांभाळले, समजावले, घर मिळवून दिले. परक्या मास्तराला खरोखर उपयोगी पडतो तो असा एक सहकारी, शंभर पानांची मार्गदर्शिका नव्हे. हर्नने जपानी स्त्रीशी विवाह केला, १८९६ साली नागरिकत्व घेतले, कोइझुमि याकुमो हे नाव धारण केले. जपानी लोककथांना जगभर नेले ते त्यानेच. टोकियोच्या शाही विद्यापीठात त्याने इंग्रजी साहित्य शिकविले आणि १९०३ साली त्याला तेथून जावे लागले. त्याच्या जागी आलेल्यांत इंग्लंडहून सरकारी शिष्यवृत्तीवर शिकून परतलेला नात्सुमे सोसेकी होता. विद्यार्थ्यांना हर्नचे जाणे रुचले नाही. सोसेकी थोर लेखक झाला, तेव्हा विद्यापीठाची निवड वाईट होती असे म्हणता येत नाही. परंतु नाव, धर्माचार, कुटुंब आणि नागरिकत्व या सर्व बाबतींत जपानी झालेला माणूसदेखील शेवटी पगारपत्रकावर परदेशीच राहिला होता. योगायोग असा की सोसेकीने मात्सुयामाच्या शाळेत काढलेल्या वर्षाच्या अनुभवावर १९०६ साली जी कादंबरी लिहिली, ती ‘बोच्चान’, टोकियोहून आडगावी गेलेल्या मास्तराच्या परकेपणाचीच कथा आहे. जपानी स्टाफरूममध्ये परका ठरायला परदेशी असावेच लागते असे नाही.

आता कायद्याकडे वळू. सार्वजनिक सत्ता वापरण्याचे आणि धोरण ठरविण्याचे काम ज्या पदावर आहे त्यासाठी जपानी नागरिकत्व हवे, हे तत्त्व १९५३ साली सरकारच्या विधिविभागाने सांगितले. कोणत्याही कायद्यात ते शब्दशः लिहिलेले नसताना ‘स्वाभाविक न्यायतत्त्व’ म्हणून ते चालत आले. १९८२ च्या कायद्याने सरकारी विद्यापीठांत परदेशी प्राध्यापक नेमता येऊ लागले. शाळांच्या बाबतीत १९९१ साली दक्षिण कोरियाशी झालेल्या समझोत्यानंतर तेथे स्थायिक असलेल्या परदेशीयांना शिक्षकभरतीची परीक्षा देण्याची मुभा मिळाली. यांतील बहुसंख्य लोक जपानमध्येच जन्मलेले कोरियन वंशाचे. त्यांना भाषेची किंवा शिष्टाचाराची कोणती अडचण असणार? तरीही उत्तीर्ण झाल्यावर त्यांना ‘शिक्षक’ हे पद न देता ‘मुदतीची अट नसलेला पूर्णवेळ व्याख्याता’ असे नाव देण्याचा आदेश शिक्षण मंत्रालयाने काढला. शिकवायचे तेच, तास तेवढेच. फक्त व्यवस्थापनाच्या पायऱ्या बंद. टोकियोच्या एका परिचारिकेला वरिष्ठ पदाची परीक्षा नाकारल्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली प्रशासनाच्याच बाजूने निकाल दिला. २०१२ साली वकिलांच्या महासंघाने शिक्षकांच्या बाबतीतील हा भेद दूर करावा अशी शिफारस मंत्रालयाला केली. जुळवून घेण्याच्या प्रश्नाचे मूळ कोठे आहे, हे या कोरियन शिक्षकांच्या उदाहरणावरून कोणालाही दिसेल. शिष्टाचारात त्यांच्यापाशी उणे काहीच नव्हते.

या पार्श्वभूमीवर योगेंद्र पुराणिक यांचे उदाहरण मराठी वाचकांना अभिमानास्पद वाटणे साहजिक आहे. महाराष्ट्रातून गेलेले पुराणिक २०१९ साली टोकियोच्या एदोगावा प्रभागसभेवर निवडून आले. पुढे इबाराकी प्रांताने आपल्या शाळांसाठी बाहेरच्या क्षेत्रांतून मुख्याध्यापक निवडले, त्यांत त्यांची निवड होऊन २०२३ साली ते त्सुचिउरा येथील नामांकित शासकीय विद्यालयाचे मुख्याध्यापक झाले. कोणत्याही देशात ही मोठीच मजल म्हणावी लागेल. तथापि आपल्या वृत्तपत्रांनी ‘भारतीय मुख्याध्यापक’ असे मथळे देताना एक तपशील मागे ठेवला: पुराणिकांनी २०१२ मध्येच जपानी नागरिकत्व घेतले होते. दार उघडले हे खरे, पण पारपत्र बदलल्यावर उघडले. निदान हर्नच्या काळापेक्षा जपान एवढा पुढे आला आहे की नागरिकत्व घेतलेल्या माणसाला तो आता मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर बसवितो.

आपण जपानकडे बोट दाखवावे अशी आपली स्थिती नाही, हेही ओघानेच आले. आमची महाविद्यालये तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांच्या जिवावर चालतात. त्यांचा मान राखला जातो, त्यांच्याकडून गॅदरिंगची आणि परीक्षांची कामे करून घेतली जातात आणि जूनमध्ये पुन्हा मुलाखतीला बोलावले जाते. त्यांना कोणी परके म्हणत नाही एवढेच.

जपानला यातून वाट काढायची असेल तर ती फार दूर नाही. करार एप्रिलपासून सुरू करता येईल. पाच वर्षांची मर्यादा काम चांगले करणाऱ्यांसाठी सैल करता येईल. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नेहमीचा परवाना नसलेल्या पण विषयात अधिकार असलेल्या माणसाला खास परवाना देण्याची तरतूद जपानी कायद्यात १९८८ पासून आहेच. तो द्यायचा की नाही हे प्रांताच्या शिक्षण मंडळाच्या हाती असते. मंडळांनी या बाबतीत हात आखडता घेतला आहे. ज्याला असा परवाना मिळतो त्याला वर्ग एकट्याने घेता येतो, उत्तरपत्रिकांवर स्वतःच्या सहीने गुण देता येतात, आणि ते गुण कमी का पडले हे विचारायला पालक येतात तेही त्याच्याकडेच.